पालथा दगड

टॉडमॉर्डनचं हे घर घेतलं तेव्हा
सर्व्हेयरने एका ओळीत लिहिलं होतं:
फायरप्लेस वापरात नाही, पुढचा दगड झिजलेला.
बाकीची सोळा पानं ओल होती.

तीन हिवाळे तिथे बुटांचा रॅक ठेवला.
चौथ्या ऑक्टोबरात बॉयलर बिघडला
आणि मी गुडघे टेकले.

आधी रंग निघाला. पांढरा, त्याखाली शेवाळी,
त्याखाली दवाखान्याच्या बाकासारखा तपकिरी.
मग फटींतलं सिमेंट, कुणीतरी घाईघाईत,
बहुतेक रविवारी, लिंपलेलं.
छिन्नीच्या तिसऱ्या ठोक्याला आपणहून सुटलं.
आत काजळी, एक हेअरपिन,
डॉमिनोचा एक तुकडा: दोन-पाच.

मी नाशिकला कॉलेज रोडवर वाढले, गॅसच्या शेगडीवर.
चूल पाहिली ती हुरडा पार्टीत, पैसे भरून.
पण शब्द सगळे होते, कुठून आले कोण जाणे:
फुंकणी, पोतेरं, भानवस, वैल.
वीस वर्षं तोंडात नुसते बसून,
काम नाही, पेन्शन नाही.
त्या दिवशी मॅन्टलपीसवर पाना ठेवताना
मी मोठ्यांदा म्हणाले, भानवस,
आणि एक जण कामावर रुजू झाला.

शेजारच्या विनिफ्रेड ग्रीनवुड, वय त्र्याऐंशी,
स्वतःचा चहाचा मग घेऊन बघायला आल्या.
जन्म याच घरातला, वरच्या मागच्या खोलीतला.
दगडाच्या मधोमध बशीएवढा खळगा.
मी त्यावर हळूच हात ठेवला, म्हटलं,
तुमच्या आईचे गुडघे असतील ना इथे?
हा मी असाच ठेवणार आहे.

"कशाला?" त्या म्हणाल्या.
"आई या खळग्याला शिव्या घालायची.
पाणी साचायचं, राख चिकटायची,
कोळशाची बादली कलंडायची.
दगड पालथा घाला म्हणायची. वडील म्हणायचे, घालतो.
घालतो घालतो म्हणतच गेले."

मग आम्ही घातला.
त्यांचा भाचा कीथ पहार घेऊन आला.
खाली झाडूचे दोन दांडे, वर जुनी सतरंजी,
आणि विनिफ्रेडबाईंच्या सूचना,
त्या पहारीहून जड.
कूस बदलताना कण्हल्यासारखा आवाज झाला,
दगडाचा, किंवा कीथचा.

पालथी बाजू वर आली.
तिथेही खळगा.
मधोमध नाही, जरा डावीकडे,
पण तेवढाच खोल, तेवढाच गुळगुळीत.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
"म्हणजे एकदा घालून झाला होता,"
विनिफ्रेडबाई म्हणाल्या. "माझ्या आईच्याही आधी.
आणि ती जी कोण होती, ती डावखुरी होती."
मग त्या इतक्या हसल्या
की बुटांच्या रॅकवर बसावं लागलं.

पुन्हा उलटायला कीथची कंबर तयार नव्हती.
डावखुरीच वर राहिली.
चुना आणि दगडाचा भुगा
थालीपिठाच्या पिठाइतका सैल कालवला,
खळग्यात थापला, बोटांनी कडा दाबल्या.
चार दिवस वर ओलं पोतं.
पाचव्या दिवशी त्याच पोत्याने दगड पुसून काढताना
थांबले. पोतेरं.
दुसरा रुजू.

बॉयलर केव्हाच दुरुस्त झाला होता.
मेकॅनिक तांब्याच्या नळीचा वीतभर तुकडा विसरून गेला होता.
धुराडं साफ करून घेतलं, लाकडं रचली,
तीन काड्या वाया गेल्या,
तेव्हा ती नळी ओठांना लावली
आणि फुंकलं.

ठिगळ दिसतं, नवीन दातासारखं.
विनिफ्रेडबाई म्हणतात, तीस वर्षांत जुळेल,
आणि भानवशीवरचा दोन-पाच
येता-जाता सरळ करतात.

वैल अजून बेकार आहे.
त्याचं बघतेय.