तपासनीस

दिवसभर प्रेसमध्ये मी चूक शोधतो.
करकरीत कागदावर शाई
अर्धा केस सरकली तरी
आधी माझं बोट थांबतं, मग डोळा.
बावीस वर्षं हेच.
संध्याकाळी गेटवर झडती देऊन
रिकाम्या खिशांनी जेलरोडला घरी येतो,
तर घरातही नोटाच;
फक्त या काळ्या, गोल,
पाच तारांवर वाळत घातलेल्या.

कृत्तिका बसलेली असते
सेकंडहँड कीबोर्डपुढे, इस्त्रीच्या टेबलावर.
मधली एक पट्टी दाबली की वर यायला वेळ घेते,
थंडीत उठणाऱ्या माणसासारखी.
त्याच चार ओळी. त्याच तिसऱ्या ओळीत
तिची करंगळी घसरते
आणि माझी जीभ टाळ्याला लागते: च्च.

एवढंच. एक च्च.
पण तिचे खांदे कानांपर्यंत वर जातात.

शरणपूरला एस्तेरबाई शिकवतात, दर शनिवारी.
द्वारकेच्या सिग्नलला रखडून एकदा उशिरा पोचलो,
तर दारातच म्हणाल्या,
"ही चुकायच्या आधीच घाबरते. घरी कोण ऐकतं?"
मी हात वर केला, शाळेतल्यासारखा.
"तुम्ही काम काय करता?"
सांगितलं.
त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.
मग म्हणाल्या, "जवळ बसा तिच्या. रोज बसा.
पण हाताला काहीतरी काम घेऊन,
आणि तोंडात बडीशेप ठेवून."

तेव्हापासून मी मटार सोलतो.
मटार नसले की मेथी निवडतो, लसूण,
एकदा तर डाळीतले खडे,
जे त्या डाळीत नव्हतेच.
बायको म्हणते, पियानो शिकतेय पोरगी
आणि वळण लागतंय तिच्या बापाला.

डिसेंबरात पारा सहावर येतो.
वाजवायच्या आधी तिचे हात
मी माझ्या चहाच्या पेल्याभोवती धरतो.
वरच्या मजल्यावरचे अहिरराव
नऊ वाजले की पाइपावर चमचा मारतात,
तालात मारतात, हे मानावं लागेल.
आम्ही दोघं हसतो. मग हेडफोन.
मग मला ऐकू येतं ते नुसतं प्लास्टिक,
टक टक, टक,
आणि त्यातही तिसरी ओळ कुठे आली ते कळतं.

"बाईंकडचा खरा आहे," ती म्हणते, "आपला खोटा."
मी काय बोलणार? खरं-खोटं
मी उजेडावर धरून ओळखतो,
आणि हा कीबोर्ड धरू कुठल्या उजेडावर.
हप्त्याने घेऊ, म्हटलं.
ती म्हणाली, आधी दहावं पान येऊ दे.

काल पुन्हा करंगळी घसरली.
या वेळी खांदे खालीच राहिले.
मान वळवून तिने विचारलं,
"बाबा, इथे चुकलं ना?"
"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो.

बावीस वर्षांत पहिल्यांदा
एक खोटी जाऊ दिली हातातून.

तिने माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ.
मुलगी माझीच. ओळखलंच असणार.
मग तिसरी ओळ पहिल्यापासून घेतली,
इतकी हळू, की दोन सुरांच्या मध्ये
ताटात पडणारा एकेक दाणा
ऐकू येत होता.