आकसण्याची सूट

नेमणूकपत्र आलं. खाली सही चन्नवीर अंगडीची.
माझं मुतगेकर त्यानं मुत्गेकर करून टाकलं होतं
आणि पगार आधीच्या निम्मा.
उरलेल्या निम्म्याच्या जागी
शून्य पूर्णांक चार टक्के.

"कशाचे टक्के?" बाबांनी विचारलं.
कंपनीचे.
"केवढी आहे कंपनी?"
दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, झेरॉक्सच्या वर, तेवढी.
पाच माणसं, चार टेबलं, एक इन्व्हर्टर.

बाबांनी चष्मा पुसला.
उद्यमबागेत एकतीस वर्षं त्यांनी फाउंड्रीचे पॅटर्न केले,
पंपाचं पोट, व्हॉल्व्हचा गळा,
आधी सागवानात, मग वाळूत, मग बिडात.
"ओतीव थंड होताना आकसतं," ते म्हणाले.
"बिडाला फुटामागं एक सूत.
पॅटर्न तेवढा मोठाच ठेवावा लागतो.
तू सूट किती ठेवलीस?"

बघू, म्हटलं मी.

पहिल्या दिवशी चन्नवीरनं लॅपटॉप दिला आणि लगेच मिटायला लावला.
"कोड आमेले. आधी लगमाण्णाबरोबर फिर."

लगमाण्णा चौगुले, सोसायटीचा पिग्मी एजंट.
खडेबाजार, शहापूर, वडगाव, रोज, चालत.
किराणावाल्याशी मराठी, फळवाल्याशी दख्खनी,
आणि पैसे कुणाचेही असोत, मोजायचे कानडीत:
हत्तु, इप्पत्तु, ऐवत्तु.

वडगावात यंत्रमागाच्या खडखडाटात
तंगेव्वानं रिकाम्या बॉबिनच्या पोकळीतून
वीसची नोट सुरळीसारखी ओढून काढली.
पासबुकात ती तंगूबाई, आधारवर तंगेव्वा.
माझ्या प्रोग्रॅमला त्या दोन बायका वाटल्या,
साम्य एक्काहत्तर टक्के, म्हणाला आणि अडून बसला.
लगमाण्णा हसला. "एकच आहे की ओ.
दोन असत्या तर चाळीस मिळाले नसते?"

तिसऱ्या आठवड्यात मी एक नियम लिहिला:
खातेदार जिथं, वसुली तिथंच.
जागा जुळली नाही तर नोंद लाल.
चन्नवीरला इतका आवडला की कुंदा आला.
दुसऱ्याच रात्री, नऊ चाळीसला, पहिला लाल ठिपका.
जागा: अनगोळ, लगमाण्णाचं घर.
खातं तंगेव्वाचं. रुपये वीस.
मागं जाऊन बघितलं तर महिन्यात चारदा.

सकाळी विचारलं. एका उंबऱ्यापाशी तो चप्पल काढत होता.
"माग बंद होता तिचा. सूत महागलंय.
खाडा पडला की मन उडतं माणसाचं.
देते ती नंतर. बुडवलं कधी नाही,
खरं दोन दिवस इकडं तिकडं."
मग कमरेच्या मशीनकडं बघत, आवाज उतरवून,
"ह्याला सांगू नका हं, इंजिनेरबाई."

ह्याला तर मीच शिकवून ठेवलं होतं.

गुरुवारी बेंगळुरूहून पैसेवाले येणार होते.
त्यांना दाखवायचं ते हेच, लाल ठिपका,
गैरव्यवहार तीन सेकंदांत.
मालगाडी गेली, स्क्रीन थरथरली.
नियम पुसावा, तर प्रत्येक एजंट लगमाण्णा नसतो.
न पुसावा, तर लगमाण्णा
सोसायटीच्या बैठकीत हात जोडून उभा दिसतो.

मी एक रकाना वाढवला.
कुणाचं खातं किती दिवस
दुसऱ्याच्या खांद्यावर टेकलेलं चालेल, त्याचा.
नाव दिलं सूट. देवनागरी घेईना तो डेटाबेस,
आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर त्याचा अर्थ झाला काजळी.
राहू दिलं.

चन्नवीर चहा घेऊन मागं उभा.
"इदेनु?"
सांगितलं सगळं. तो बराच वेळ गप्प.
चहावर साय धरली.
"बरं," शेवटी म्हणाला, "पण किती दिवस?
आकडा टाक ना."

आकडा मला येत नव्हता.
साडेअकरा वाजले होते. घरी फोन लावला.
बाबांनी झोपेतच सगळं ऐकून घेतलं,
मग खोकले, आणि विचारलं,
"धातू कुठला?"