बाजूचा समुद्र

देवगड बंदराच्या चढावर माझं औषधांचं दुकान.
शटर वर केलं की आधी आत शिरतो
सुक्या बांगड्याचा वास, मग गिऱ्हाईक.
आज पहिला आला सगुण तांडेल.
दारालगतचं स्टूल त्याला दिसलं नाही.
समोरची मी दिसले.

काचबिंदू असाच खातो, कडेकडेने.
समोरचं दीपगृह जागच्या जागी,
आणि बाजूचा समुद्र रोज थोडा कमी.

त्याने फोन माझ्यापुढे धरला.
गोव्याला ट्रॉलरवर असलेल्या पुतण्याने
काहीतरी पाठवलं होतं.
"गो बाय, ह्यां वाच. गांज्यातलां औषध,
डोळ्याचो दाब उतारता म्हणतत. पण चढणा नाय."
मग आवाज खाली आणून:
"चढणा नाय, तर तो गांजो कसलो?"

नाव वाचलं. कॅनाबिजेरॉल.
तेही तीन दमांत.
म्हटलं, सगुणकाका, शहाळं आठवा.
कोवळं असतं तेव्हा सगळं पाणीच.
त्या पाण्याची साय होते, सायीचं खोबरं,
आणि गोटा हलवून पाहिला
तर आत खुळखुळतसुद्धा नाही.
हे त्या झाडाचं तसलं पहिलं पाणी.
ह्यातूनच पुढे नशा होते,
नशेवाचूनचंही बरंच काही होतं,
आणि फुलं पिकेस्तोवर हे स्वतः उरतं
शंभरात एखादा भाग, कधी तेवढंही नाही.

"म्हंजे आवस ती," तो म्हणाला.
"पोरांक दिता दिता सपली."

मी पुढचं सांगत होते:
दाब उतरलेला दिसला, पण जनावरांच्या डोळ्यांत.
सूज, जंतू, मेलेली भूक,
जिथे जिथे ह्याचं नाव घेतलंय
तिथे शेजारी एक "कदाचित" बसलेलं आहे.
तो शब्द माझ्या फळीवर नाही.
त्याला एक्स्पायरी नसते, किंमतही नसते,
आणि तुमचा डोळा त्याच्यासाठी थांबणार नाही.

"जाळां मारताना आमी तरी काय म्हणतंव?
गावला तर गावला."

हो. पण म्हणून होडी कोणी विकत नाही.

मग विचारलं, तुमचे थेंब?
"घालतंय तर. भरतेक."
आठ महिने, रोज, भरतीला एक थेंब.
आणि भरती रोज पाऊण तास पुढे सरकते,
हे मी तांडेलाला सांगायचं!
पंधरवड्यात त्याचं औषध
रात्रीतून दिवसात जात होतं,
पुढच्या पंधरवड्यात परत रात्रीत,
चंद्राच्या मागोमाग.

बाटलीवर पेनाने घड्याळ काढलं, काटा नवावर.
त्याला त्याच स्टुलावर बसवलं.
मान मागे. खालची पापणी ओढून एक थेंब.
आता डोळा मिटा, नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबा,
एकशेवीस मोजा.

फोनचा उजेड काउंटरवर विझला.
ओठ हलत होते, पण आकडे नव्हते ते.
खडकांची नावं होती,
बंदराच्या तोंडापासून बाहेर, एकेक करून,
डाव्या अंगाचे सगळे,
मग उजव्या अंगाचे.

दोन मिनिटं केव्हाच झाली होती.
मी सांगितलं नाही.