कुठं लागली

नोशीर वाच्छांचं नाक गेलं त्याला दोन वर्षं झाली.
साधा ताप आला होता, जाताना वास घेऊन गेला.
दुकान मात्र आहे तिथंच, बॅलार्ड इस्टेटमध्ये,
दगडी जिन्याखाली, देवदाराच्या पेट्यांसकट.
नवा माल आला की ते मला हिशोबाच्या टेबलावरून उठवतात:
"रतनप्रभा, वही मिट. तोंड धुऊन ये."

मी कोमट पाण्यानं चूळ भरते.
सकाळपासून चहा नाही, कांदा नाही, तोंडाला पावडरसुद्धा नाही.
ते सिगार कानाशी धरतात, दोन बोटांत हलकेच दाबतात.
कुरकुरली तर कोरडी, गप्प राहिली तर ओली.
मुंबईची हवा, म्हणतात, पानाचं माहेरपण करते,
फुगवून ठेवते.
मग टोपी कापतात, एवढीशी, बाळाचं नख कापावं तशी,
आणि माझ्या हातात देतात.

पेटवण्याआधी एक कोरडा झुरका.
गवत. वाळलेलं, गंजीच्या आतलं,
जिथं उंदीर राहून गेलेत.
"गवत," मी म्हणते. उंदीर माझ्यापाशी राहतात.

काडी लांब. आच पानाला शिवायची नाही, नुसती दाखवायची.
पहिला धूर जिभेवर ठेवायचा, गिळायचा नाही,
थोडा नाकातून सोडायचा. मिरी असलीच तर तिथं असते.
आहे. पांढरी, मागून येणारी,
उंबऱ्यात घुटमळून मग आत येणाऱ्या पाहुण्यासारखी.
ते लिहितात. त्यांच्या छापील तक्त्यात रकाने आहेत:
चामडं, कॉफी, कोको, लाकूड, माती.
कुठली माती, हे विचारायची सोय नाही.

राख दोन पेरं झाली. धरून आहे. करडी, मध्ये एक काळी शीर.
आता गोडवा येतो. काकवीचा नव्हे,
काकवी काढल्यावर काहिलीच्या कडेला जो थर करपतो
आणि पोरं उलथन्यानं खरवडून खातात, तो.
"कोको?" ते विचारतात.
"कोको," मी म्हणते. रकान्यात मावतं तेवढं.

बंदरावर कुठलंसं जहाज भोंगा देतं.
वाच्छा डोळे मिटून बसलेत, नाकपुड्या हलताहेत,
विहीर आटल्यावरही फिरणाऱ्या रहाटासारख्या.

शेवटच्या तिसऱ्या हिश्शात सिगार तापते.
इथं तिचं खरं कळतं.
आणि इथंच, तोंडात, निपाणीची वखार उघडते:
ओली पोती, चाळण्या, नाकाला बांधलेली लुगड्याची फडकी,
तरी शिंकणाऱ्या बाया. आई घरी आली की
तिच्या पदराला हाच वास, उग्र, डोळ्यांत जाणारा,
आणि मी त्यात तोंड खुपसून झोपायची.
आईच्या हजेरीचा आणि या एका कांडीच्या किमतीचा
हिशोब मी इथं करत नाही.
हिशोबनीस आहे, येतो मला.
पण केला तर धूर कडू होतो, आणि निकाल खोटा.

"कडकपणा? दहापैकी?"
दहापैकी मला सांगता येत नाही.
वखारीत आकडे नव्हते. नवी बाई पहिल्या दिवशी भोवंडली
की बाकीच्या विचारायच्या, कुठं लागली गं?
डोक्यात लागली तर हलकी. पोटात लागली तर वाईट.
गुडघ्यात लागली तर माल चांगला, सावकाश चढणारा,
बाईला बसवा, गुळाचा खडा द्या.

मी उभी राहून बघते. खुर्चीची पाठ धरते.
"गुडघ्यात," मी म्हणते.
त्यांचं पेन थांबतं. असा रकाना नाही.
'सात' लिहितात, खोडतात,
मग समासात, वाकड्या गुजराती अक्षरांत, काहीतरी.
आणि खण उघडून
चहाच्या साखरेचा डबा माझ्याकडे सरकवतात.
"गूळ नाही," म्हणतात.

मी त्यांना कधी गुळाचं बोलले होते, आठवत नाही.
चिमूटभर साखर जिभेवर ठेवते.
"चारच पेट्या मागवा," मी सांगते,
"पंख्यापासून लांब ठेवा,
आणि मे संपायच्या आत विकून टाका."