कसर

लिहिताना सोवर्बी ब्रिज, बोलताना सोर्बी.
कालव्याकाठी लोकरीची जुनी गिरणी,
तिच्या दुसऱ्या मजल्यावर गालिचे
मांड्यांसारखे एकावर एक,
आणि दर घडीत कुणाची तरी बैठकीची खोली.

श्रीरंगनं खिशातून टेप काढली.
आमची खोली बारा बाय नऊ,
फायरप्लेसपाशी अर्धा फूट सोडायचा, दारापाशी चार इंच,
सगळं कागदावर लिहून आणलेलं.
मी एवढंच ठरवून आले होते की
करडा नको.
करडं इथे खिडकीतून फुकट मिळतं.

डॉरीन सटक्लिफ, वय अठ्ठ्याहत्तर,
पंधराव्या वर्षी याच इमारतीत कामाला लागली.
मागावरून उतरलेल्या कापडावर बोटं फिरवायची,
गाठ लागली की उकलायची,
भोक लागलं की भरायचं.
"तोंड बघून घेऊ नका," ती म्हणाली,
आणि गालिच्याचा कोपरा उलटला
डॉक्टर पापणी उलटतो तसा.

पाठीवर काही लपत नव्हतं.
गाठीशेजारी गाठ, गाठीशेजारी गाठ,
मध्येच एक ओळ तिरकी गेलेली:
दूध उतू गेलं असेल,
किंवा मूल रडलं असेल,
किंवा नुसताच कंटाळा.

दुमडून कानाशी धरा. करकरला तर आतून वाळलाय.
ओला पांढरा रुमाल घासा. लाल झाला तर ठेवून द्या.
वास घ्या. लाजू नका, नाक लावून घ्या.
मी गुडघ्यांवर बसून वास घेतला:
धूळ, मेंढी,
आणि फार जुन्या दुपारचा काहीतरी.

"कसर लागलीय का बघ," मी श्रीरंगला म्हटलं.
डॉरीनला अर्थ हवा होता.
लोकर खाणारा किडा, मी सांगितलं.
आणि पुरं पडता पडता जे उणं राहतं, तेही.
"दोन्हीला एकच शब्द?"
तिनं चष्मा पुसला.
"बरोबर आहे. उगाच दोन कशाला."

आम्ही दोघंही तसे वापरलेलेच.
त्याची तेवीस वर्षं, माझी अकरा.
त्याच्या कपाटात ललिताची शाल आहे, मोरपंखी, पश्मिन्याची.
गेल्या ऑक्टोबरात
तिच्या घड्यांत ताज्या डांबरगोळ्या मीच ठेवल्या.
तो काही बोलला नाही.
रात्रीची भांडी मात्र त्यानं घासली.

अकरावा की बारावा उलगडला तेव्हा मी थांबले.
हमादानकडच्या कुठल्याशा खेड्यातला.
निळा अर्ध्यापर्यंत गडद, शाईसारखा,
मग एका ओळीत, न सांगता, फिका.
"इथे लोकर संपली," डॉरीन म्हणाली,
"पुन्हा रंगवली. तोच निळा करायला गेले असणार.
होत नाही तो.
लंडनचे व्यापारी याचे जास्त पैसे लावतात,
मी नाही लावत."
एका टोकाला चार खड्डे, टेबलाच्या पायांचे.
कुणीतरी तिथे बसून वर्षानुवर्षं
चहा प्यायलं असणार, किंवा वाट पाहिली असणार.
मी त्या खड्ड्यात अंगठा ठेवला. मावला.

"नऊ इंच जास्त होतोय," श्रीरंग म्हणाला.
त्याच्या आईचं वाक्य मला तोंडपाठ आहे,
अंथरूण पाहून पाय पसरावे.
तो वाट पाहत होता, मी ते म्हणेन म्हणून.
मी फिक्या निळ्याकडे बघत राहिले.
टेप खटकन आत गेली.

घरी आल्यावर दार उघडेना.
शेजारच्या क्लिफर्डकडून रंधा आणला,
बिजागऱ्या सोडवून दार जिन्यावर आडवं घातलं,
आणि अठ्ठावन्न वर्षांच्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा
लाकूड तासलं, थोडं जास्तच.
मोज्यांना अजून भुसा चिकटतो.

आता दार उघडतं.
त्याच्याखालून वारा येतो,
नोव्हेंबरातला, कालव्यावरून थेट.
शाल खाली आणलीय.
संध्याकाळी ती खुर्चीच्या पाठीवर असते.
ज्याला आधी थंडी वाजेल
तो पायांवर घेतो.