पायरी चौथी

पॅकेजला आधी 'संच' लिहिलं, मग खोडलं.
'पुडकं' लिहिलं. पुडकं सोडावं लागतं,
सुतळीची गाठ कुठे मारलीय ते आधी शोधावं लागतं.
डिपेन्डन्सीला 'अवलंबन' म्हणालो
तर बायको म्हणाली, जीआर लिहून राह्यले का?
मग लिहिलं: हे चालायला आधी ते लागतं.

मे महिना, नंदनवनातली मागची खोली.
कूलरला वाळा नवा, मोटर जुनी.
बाहेर सेहेचाळीस. आत मी
शून्यापासून लिहितोय, असं मला वाटतंय:

एक. पुडकं उतरवून घ्या.
दोन. खुणेचा आकडा जुळतो का पाहा.
न जुळल्यास थांबा. घाई असली तरी थांबा.
तीन. उलगडा.
चार. कॉन्फिगर म्हणा आणि वाट पाहा.
पाच. मेक म्हणा. ओळी धावतील,
घाबरू नका, त्या तुमच्याशी बोलत नाहीत.
इशारे येतील. इशारा म्हणजे चूक नव्हे.
(हे वाक्य मी दोनदा लिहिलं.)
सहा. मेक इन्स्टॉल. झालं.

रात्री अकराला उमरेडहून आचल सोमकुवरचा फोन.
वाचनालयात स्मरणिकांच्या चाळीस फायली,
जुन्या फॉन्टातल्या. उघडल्या की मराठीच्या जागी
नुसते कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं.
"सर, चौथीवरच अडून राह्यलं."
काय म्हणून राह्यलं?
"फाइल सापडत नाही म्हणते. माझं काही चुकलं का?"
माझ्याकडे तर चालतं, मी म्हणालो.
ती गप्प. तिकडचाही कूलर ऐकू येत होता.
मग हळूच,
"हो सर. पण मी तुमच्याकडे नाही ना."

दुसऱ्या दिवशी बर्डीवरून एक सेकंडहँड डबा आणला,
पुसून कोरा केला,
माझीच पानं समोर ठेवून
आपल्याला काहीच येत नाही असं ठरवून बसलो.
अवघड असतं हे. बोटं आधीच पुढे पळतात.

चौथीवर मीही अडलो.

मग जुन्या मशीनचे कोपरे झाडत गेलो, आणि
एका बिननावाच्या फोल्डरात ती सापडली,
कुठल्याच पुडक्यातून न आलेली, हातानं बांधलेली
एवढीशी लायब्ररी.
तारीख अकरा वर्षांपूर्वीची, दुपारचे तीन दहा.
पहिली ओळ: तात्पुरतं. नंतर नीट करू. — प. नि.

पद्माकर. गांधीबागेतल्या प्रेसमध्ये डीटीपीला होता.
रफार कुठल्या कळीवर, अर्धा श कुठे,
पोटफोड्या ष दाबायला कुठली दोन बोटं,
सगळं त्याला पाठ.
याच खुर्चीत बसून, माझ्या डब्यातली अर्धी भाजी खात
दोनशे चौदा ओळी टाइप केल्या त्यानं न बघता.
"आता चालते ना? मंग झालं."

चालत राहिलं. इतकं नीट चाललं
की लागतं हेच विसरलो,
आणि सगळ्याला 'माझं मशीन' म्हणत आलो.
त्याच्या तेरवीला गेलो होतो मी. पाटावर बसून जेवलो.
तेव्हाही आठवलं नाही
की हा अजून रोज सकाळी
माझ्या टेबलाखाली सुरू होतो.

लायब्ररी पुडक्यात घातली. पानावर नवी ओळ घातली,
तिसरीच्या आधी की नंतर यात एक तास गेला.
लेखकांच्या यादीत, माझ्या वर, नाव घातलं.
त्याची पहिली ओळ तशीच ठेवली.
आता कोण नीट करणार?

आचलचा फोन चारला.
"झालं सर. सहाही झाल्या.
एक सांगू का, लेखकात निनावी लिहून आहे वाटते,
नाव टाकायचं राह्यलं."

निनावी नाही गं, चष्मा लाव.
निनावे.
पद्माकर निनावे, गांधीबाग.

"अस्सं," ती म्हणाली, आणि मला वाचून दाखवू लागली
एका स्मरणिकेचं शेवटचं पान:
शुभेच्छुक, भांड्यांचं दुकान, प्रोप्रायटर अमुक तमुक,
आणि अगदी खाली, बारीक टाइपात,
अक्षरजुळणी —
पुढे तिला लागत नव्हतं.
मी म्हणालो, सावकाश वाच.