आयला

बेटाचं नाव आयला,
आणि दुकानातली नवी किंमत वाचून
माझ्या तोंडून निघालं तेही तेच.
काउंटरमागच्या मॅकफेलबाईंना वाटलं,
मी बेटाचं कौतुक करतोय.

सोळा वर्षांची बाटली
मागच्या हिवाळ्यात अठ्ठ्याऐंशी पौंडांना होती,
आता एकशे पंधरा.
वय तिचं तेवढंच.
वाढलो ते आम्ही, आणि भाव.
वरच्या फळीवर कुलपाआड एक काळी पेटी.
तिला किंमतीची चिठ्ठीच नाही.

शुक्रवारी आम्ही चौघं सोर्लीच्या स्वयंपाकघरात बसतो.
पूर्वी प्रत्येकाच्या काखेत एकेक बाटली असायची.
आता वर्गणी काढून एक,
बाकी तळाशी उरलेल्या जुन्या.
इशबेल आमच्याकडे पाठ करून ओतते,
ग्लासांच्या बुडाला आकडे चिकटवते,
नावं स्वतःकडे ठेवते.

मग नाकं खाली.
टॉर्क्विल म्हणतो : ओला दोरखंड,
शाळेतल्या नर्सच्या खोलीतला टिंक्चरचा बोळा.
मला आधी नुसता धूर.
दोन थेंब पाणी घातल्यावर
लोकरीच्या जुन्या कोटाच्या खिशात
विसरलेली संत्र्याची साल.
"खिसा कुठला, डावा?" टॉर्क्विल विचारतो.
सोर्ली बोलत नाही.
बेचाळीस वर्षं त्यानं पिंपं बांधली,
डाव्या अंगठ्याला नख नाही,
दारू तो लाकडाच्या बाजूनं पितो.

तिसऱ्या ग्लासात जेमतेम चमचाभर.
तिथे तो थांबला. पुन्हा हुंगला.
"हे कुठून आणलंस?"

इशबेल भट्टीच्या पाहुण्यांच्या दालनात टेबलं पुसते.
काळ्या पेटीतला पेग, चारशे पौंडांचा,
कुणीतरी खिडकीतल्या उजेडात धरून
त्याचे फोटो काढले, ओठ लावला,
आणि बस आली म्हणून तसाच टाकून गेला.
तिनं तो खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरून आणला.
"धुतली होती रे," ती म्हणाली, "दोनदा."

सोर्ली म्हणाला, एकोणनव्वद साल.
सात पिंपं होती. एकाचं बूड गळत होतं,
मी फटीत लव्हाळ्याची पात ठोकून बसवली.
ते असेल, किंवा बाकीच्या सहांतलं एखादं.
चमचाभर चौघांत कसं वाटायचं,
यावर थोडा वाद झाला.
शेवटी बोटं बुडवली आम्ही, पोरांनी मधात बुडवावीत तशी.

वहीत गुण लिहायची वेळ आली.
टॉर्क्विलनं नऊ दिले, मी साडेआठ.
किंमत कळल्यावर जीभ जरा नमतेच.
सोर्लीनं सहा.
"लाकूड चांगलं होतं," म्हणाला,
"पण फार वेळ ठेवलं त्यांनी.
कुणीतरी आधीच प्यायला हवं होतं."
पहिला नंबर दुसऱ्या ग्लासाचा आला,
फेरीबोटीवर मिळते ती, साधी मिश्र.

निघताना दारातून पाहिलं :
त्यानं बाकीचे ग्लास विसळून पालथे घातले,
आणि तिसरा, न धुता,
बशीनं झाकून
सकाळसाठी खिडकीत ठेवला.